पांदण मोकळी करा, मुरमाचीच ठेवा : जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, बुलढाणा.

विषय : बुलढाणा तालुक्यातील घाटावरच्या गावांमधील पांदण व शिवरस्ते मोकळे करून, ते मुरमाचेच ठेवून, सायकलवाटा म्हणून जाहीर करणेबाबत.

महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही बुलढाणा शहरात आणि मढ-गिरडा पट्ट्यातील गावांत राहणारे शेतकरी, शिक्षक, दुकानदार आणि सुटीच्या दिवशी सायकल घेऊन शिवारात निघणारे नागरिक आहोत. आम्हाला नवा रस्ता नको आहे. निवेदनात असे वाक्य सहसा सापडत नाही, म्हणून ते आधीच लिहून ठेवतो. महसूल खात्याच्या गावनकाशावर जी वाट आहे, ती जमिनीवरही असावी, एवढेच आमचे मागणे आहे.

गेल्या काही वर्षांत 'ग्रॅव्हल' नावाची सायकल शहरांतून दिसू लागली आहे. शर्यतीच्या सायकलीसारखा वाकडा हँडल, पण टायर जवळपास चाळीस मिलिमीटर रुंद. डांबरावर ती पळते आणि मुरमावर, खडीवर, बैलगाडीच्या चाकोरीतही चालते. नाव नवे असले तरी काम जुने आहे. आमच्याकडे मुरमावर रोज सायकल चालवणारा पहिला माणूस म्हणजे सकाळी कॅन अडकवून निघणारा दूधवाला आणि दुसरी म्हणजे शाळेत जाणारी मुलगी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. सायकल आली, पण पावसाळ्यात पांदणीतून ती खांद्यावर घेऊन जायची वेळ आली. म्हणून हे निवेदन केवळ हौशी सायकलस्वारांचे आहे असे कृपया समजू नये.

आता आपल्या डोंगराविषयी. अजिंठ्याच्या रांगेने आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दुभंगलेला आहे. शहरातून मोताळ्याकडे राजूर घाट उतरला की हवा बदलते, माती बदलते, बोलण्याचा हेलही थोडा बदलतो. मढजवळ बुधनेश्वराला पैनगंगा उगम पावते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगराच्या उत्तर उतारावरची ज्ञानगंगा, नळगंगा पूर्णेला जाऊन तापीमार्गे अरबी समुद्र गाठतात. डोंगराच्या धारेवरून सायकलने जाताना डाव्या हाताचा पाऊस एका समुद्राचा आणि उजव्या हाताचा दुसऱ्या. हे पाहायला लांबून माणसे येतील असे आम्हाला वाटते. आज बाहेरचा पाहुणा शेगावला दर्शन घेतो, लोणारचे विवर पाहतो, सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकवतो आणि संध्याकाळच्या आत जिल्ह्याबाहेर पडतो. मधल्या गावांत तो चहालाही थांबत नाही, कारण थांबावे असे त्याला कोणी काही दाखवलेलेच नाही.

अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो. गावनकाशावर दोन तुटक रेषांनी गाडीमार्ग दाखवलेला असतो, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एका तुटक रेषेने पायमार्ग, तो सव्वाआठ फूट. प्रत्यक्ष शिवारात गेले तर दोन्हीकडचे धुरे दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने आत सरकत आलेले, मध्ये बोरी-बाभळी माजलेल्या आणि उरलेल्या वाटेत पावसाळ्याचा नाला. कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ आहे. पण कलम ५ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो, आणि अडवणारा बहुतेक वेळा भावकीतलाच असतो. चुलत्यावर दावा कोण लावणार? दोन मैलांचा वळसा घालणे परवडते, पण सोयरीक-संबंध तोडणे परवडत नाही. म्हणूनच तक्रारीची वाट न पाहता प्रशासनाने आपणहून मोजणी करावी, अशी आमची पहिली आणि मुख्य मागणी आहे. मढ-गिरडा पट्ट्यातील गावांचे नकाशे एकत्र लावून पाहिले तर गाडीमार्ग, पायमार्ग आणि शिवरस्ते जोडत चाळीस-पन्नास किलोमीटरचा एक फेरा सहज सापडेल. तलाठी, भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायत यांनी मिळून त्याची हद्द दगड लावून कायम करावी. अतिक्रमण काढताना धुरा कोणाचा हे पाहू नये, आमच्यापैकी कोणाचा निघाला तर तोही काढावा.

दुसरी मागणी कदाचित विचित्र वाटेल. या वाटांवर सरसकट डांबर किंवा सिमेंट काँक्रीट घालू नये. शासनाने ११ नोव्हेंबर २०२१ च्या निर्णयाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. तिच्यातून चांगली कामे होऊ शकतात. पण काम झाले म्हणजे काय, याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा लावला जातो. मुठीएवढी खडी नुसती अंथरली, तिच्यावर मुरूम नाही, पाणी नाही, रोलर नाही, तर त्या वाटेवरून बैल चालत नाही, म्हातारे माणूस चालत नाही आणि सायकल तर नाहीच. त्यापेक्षा आधीचा कच्चा रस्ता बरा होता, असे गावात उघड बोलले जाते. आमच्या समजुतीप्रमाणे करायचे ते साधे आहे. खाली खडी, वर मुरूम, पाणी मारून दाबाई, रस्ता मधोमध थोडा उंच, दोन्ही कडांना नाली आणि जिथे ओहोळ ओलांडतो तिथे पाईप किंवा रपटा. बरड, मुरमाड जमिनीत एवढ्यावर भागते. काळ्या मातीचे तुकडे मात्र निराळे. तिथे पहिल्या पावसातच गारा चाकाला धरतो आणि सायकल काय, ट्रॅक्टरही जागचा हलत नाही. अशा तुकड्यांत आणि गावठाणालगत पक्के काम व्हावे, त्याला आमचा विरोध नाही. मुरूम कुठून आणायचा हा प्रश्न आपल्या जिल्ह्याने कधीच सोडवलेला आहे. तलाव आणि नाले खोल करून निघालेली माती-मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरण्याची पद्धत देशभर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. महामार्गाला जे दिले, त्यातला थोडा वाटा पांदणीला द्यावा.

मुरमाचा रस्ता म्हणजे मागासलेपण, हा समज आपल्याकडे पक्का आहे. इटलीत तस्कनी नावाचा प्रांत आहे. तिथल्या डोंगराळ खेड्यांना जोडणारे पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचावेत म्हणून १९९७ साली गायोले नावाच्या गावातून जुन्या सायकलींची 'लेरोइका' फेरी सुरू झाली. आज तिथे जगभरातून सायकलस्वार येतात आणि त्याच पांढऱ्या रस्त्यांवर व्यावसायिक शर्यतही होते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया या लहान शहरात २००६ साली ३४ जणांनी सुरू केलेली खडीच्या रस्त्यांवरची शर्यत आता हजारो लोकांना खेचते. आपण लगेच तेवढी उडी मारावी असे आम्ही म्हणत नाही. शर्यत तर आम्हाला नकोच. आम्हाला वाट हवी.

शेतकरी बांधवांची शंका रास्त आहे, ती आमच्यातच आधी निघाली. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालू असताना वाटेवर यंत्र उभे असते, गाडी उभी असते. अशा दिवसांत वाट शेतकऱ्याची, सायकलस्वाराने उतरून बाजूने जावे, हा नियम फलकावरच लिहावा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बाहेरच्या सायकलींना हा फेरा बंद ठेवावा, म्हणजे ओल्या मुरमात चाकोऱ्या पडणार नाहीत. शेतातून आडवाट काढणाऱ्यावर ग्रामपंचायतीने दंड लावावा.

वन विभागाविषयी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्ञानगंगा अभयारण्याच्या आतून कोणतीही वाट आम्ही मागत नाही. तिथे अस्वल आणि बिबट आहेत. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून रेडिओ कॉलर लावलेला वाघ तेराशे किलोमीटरच्या वर चालून तिथे आला, तोही बराचसा नाल्या-शेतांतून, म्हणजे आम्ही म्हणतो तशाच शिवारांतून. त्यामुळे फेरा अभयारण्याच्या हद्दीपासून दूर आखावा, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर तो बंद असावा आणि अस्वलाचा वावर कुठे आहे ते वन कर्मचाऱ्यांनी ठरवून तिथे फलक लावावा. मोहाच्या हंगामात तर एखादा तुकडा सरळ बंदच ठेवावा लागेल.

उरलेल्या मागण्या लहान आहेत. फेऱ्यातील प्रत्येक गावात पिण्याच्या पाण्याची एक जागा असावी, जमल्यास शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात. वळणावर गावाचे नाव आणि अंतर लिहिलेला दगड असावा, लोखंडी पाटी नको, ती भंगारात जाते. बाभळीच्या काट्याने पंक्चर होणार हे गृहीत धरून गावातल्या एका-दोघा तरुणांना दुरुस्तीचे प्रशिक्षण मिळावे. पाहुण्याला घरी उतरवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याची राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करून घेण्यासाठी तहसील कार्यालयात एक दिवसाचे शिबिर व्हावे. ठेचा-भाकरी आम्ही करू, कागद आपण करा.

एकाच फेऱ्यापासून सुरुवात व्हावी, दहा गावांत एकदम नको. मोजणीचे काम दसऱ्याच्या आत झाले तर यंदाच्या हिवाळ्यात वाट वापरता येईल. मोजणीच्या दिवशी आपण स्वतः किंवा आपले प्रतिनिधी यांनी पूर्ण वाट एकदा पाहावी, ही विनंती. गाडी सगळीकडे जाणार नाही. सायकल आम्ही आणून ठेवू.

आपले नम्र,
बुलढाणा शहर व मढ-गिरडा परिसरातील ग्रामस्थ आणि सायकलस्वार
(सह्या सोबतच्या पानांवर)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
उपविभागीय अधिकारी, बुलढाणा
तहसीलदार, बुलढाणा
विभागीय वन अधिकारी (वन्यजीव), अकोला
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र राज्य