मिठाचे वाफे आणि दूरच्या दीर्घिका

बालमित्रांनो, आज आधी एक गणित. उरणच्या मिठागरात सारख्या मापाचे चार वाफे आहेत असं समजा. प्रत्येक वाफा ३ मीटर रुंद. त्यांत ओळीने १२, ९, २१ आणि १५ पाट्या मीठ एकसारखं पसरलंय. आता मालकाच्या मनात आलं, बांध मोडून दर ४ मीटरवर नवे घालू. वाफे उरले तीन. मीठ मात्र जागचं हललं नाही. मग कोणत्या वाफ्यात किती पाट्या?

पहिल्या नव्या वाफ्यात जुना पहिला अख्खा आला, शिवाय दुसऱ्याचा १ मीटर, म्हणजे एकतृतीयांश. १२ आणि ३, झाल्या १५ पाट्या. पुढचे दोन तुम्ही करा. ताळा सोपा आहे. आधी एकूण ५७ होत्या, नंतरही ५७च हव्यात. एक जरी वाढली तरी हिशेबात घोटाळा!

हसू नका हं, अशा गणितावर मोठमोठे शास्त्रज्ञ डोकं लावतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! ती डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. (त्यांनीच १९६५ साली आपल्या कल्याणला ३२ लहान तबकड्या मांडून सूर्याचा अभ्यास केला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?)

हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडतो. पण विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबच्या दीर्घिकेतून निघालेली लहर वाटेत ताणली जाते. कुणाची ८१६ मेगाहर्ट्‌झवर पोचते, आणखी दूरच्या कुणाची ५८०वर. दुर्बिणीचा संगणक ही वारंवारतेची पट्टी सारख्या रुंदीच्या बारीक खणांत वाटतो. हेच आपले वाफे.

आता गंमत पाहा. शास्त्रज्ञांना हवा असतो वेग: दीर्घिकेतला वायू सेकंदाला किती किलोमीटरने पुढे-मागे धावतोय? खण ५० किलोहर्ट्‌झचा असेल, तर ८१६जवळ तो सेकंदाला सुमारे १८ किलोमीटर एवढा भरतो आणि ५८०जवळ सुमारे २६. खण तेच, पण वेगाच्या पट्टीवर बांध वेगळ्या जागी! म्हणून प्रत्येक दीर्घिकेचे आकडे एका समान पट्टीवर नव्याने वाटून घ्यावे लागतात.

एवढा खटाटोप कशाला? कारण एकेका दीर्घिकेची कुजबूज इतकी क्षीण, की गोंगाटात ऐकूच येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून ७,६५३ दीर्घिकांचे आकडे एकावर एक रचून सरासरी काढली. त्यांची अंतरं हवाईच्या केक दुर्बिणीने केलेल्या पाहणीतून आधीच कळलेली होती. सरासरीने गोंगाट ८७ पटींनी दबतो (७,६५३चं वर्गमूळ काढून बघा!), पण त्यासाठी प्रत्येक कुजबूज बरोब्बर एकाच खणात पडायला हवी. रचताना खण सरकले तर सगळी मेहनत पाण्यात.

ती पाण्यात गेली नाही. २०२० साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापून आला. सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकांजवळचा हायड्रोजन, नवा पुरवठा झाला नाही तर, तारे घडवता घडवता एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता. पुढे विश्वात नवे तारे जन्मण्याचं प्रमाण का घसरलं, याचं एक कारण त्यातून हाती आलं.

आकडे नव्या पट्टीवर नेताना आणखी एक खोडा असतो. मोरा बंदरात तुम्ही ९ वाजता आणि १० वाजता पाण्याची उंची मोजलीत. दोन्ही वेळा ४ मीटर. मग साडेनऊला किती? सरळ रेघ ओढणारा म्हणेल, ४. पण नेमकी साडेनऊलाच भरती पूर्ण झाली असेल तर? पाणी ४ मीटरच्या वर जाऊन परत फिरलं असणार. शिखराजवळ सरळ रेघ फसवते. म्हणून खण आधीपासूनच पुरेसे बारीक ठेवतात.

मोठ्या माणसाला सोबत घेऊन मोऱ्याच्या धक्क्यावर जा. भरतीच्या आसपास दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते टिपा आणि आलेखाच्या कागदावर मांडा. मग त्यातली एक-एक नोंद खोडून, उरलेल्या नोंदी सरळ रेघांनी जोडा. शिखर किती बुटकं झालं?