प्रयोगशाळा एकीकडे, वर्ग दुसरीकडे

अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला, तेव्हा पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये संशोधनासाठी उभे करण्याचा संकल्प सरकारने जाहीर केला. त्यातील सुमारे ३६ हजार कोटी सरकारी तिजोरीबाहेरून, मुख्यत्वे उद्योगांकडून येतील, अशी अपेक्षा होती. पंतप्रधान या प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. चर्चा झाली ती हे आकडे आणि अधिकारांचे केंद्रीकरण यांचीच. पीएच.डी. पूर्ण झालेला, पण कायम नेमणूक न मिळालेला तिशीतील संशोधक त्या चर्चेत फारसा आला नाही. विज्ञानाचे रोजचे काम मोठ्या प्रमाणात त्याच्याच हातून होते.

या संशोधकाची कोंडी समजून घ्यायची तर जबलपूरसारखे दुसरे शहर सापडणे कठीण. आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था येथे १९८४ पासून आहे. उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ मध्ये आणि तणांवरील राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८९ मध्ये उभे राहिले. तेच केंद्र आज तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. २००५ मध्ये माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन व निर्मिती यांची केंद्रीय संस्था आली. राज्याच्या अखत्यारीतील राणी दुर्गावती विद्यापीठ १९५६ चे, तर जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ १९६४ चे. मध्य प्रांताच्या काळात येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघेपर्यंत शिक्षणाचा कारभार नागपुरातून चाले. आज याच शहरातील संशोधनाचे धागे दिल्लीतील आरोग्य, कृषी, पर्यावरण आणि शिक्षण या चार मंत्रालयांकडे, शिवाय भोपाळच्या सचिवालयाकडे गेले आहेत.

प्रयोगशाळा केंद्राकडे आणि विद्यार्थ्यांची गर्दी राज्याकडे, अशी ही विभागणी आहे. केंद्रीय संस्थेतील संशोधकाने शहरातच पलीकडे असलेल्या विद्यापीठात एखादा विषय शिकवावा, हे व्यवहारतः सोपे वाटते. परंतु त्यासाठी दोन आस्थापनांची संमती लागते आणि त्या अध्यापनाची पुढे अनुभव म्हणून गणना होईल याची हमी नसते. परिणामी सारे वरिष्ठांच्या परस्पर ओळखीवर अवलंबून राहते.

स्वातंत्र्याची स्थितीही अशीच अर्धवट आहे. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल शिष्यवृत्तीने एक चांगली गोष्ट केली. दोन वर्षांच्या वेतनाबरोबर वर्षाला दोन लाख रुपयांचे संशोधन अनुदान संशोधकाच्या स्वतःच्या प्रकल्पासाठी तिने दिले. मात्र जागा, उपकरणे आणि यजमान संस्थेतील शब्द मार्गदर्शकाचाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार विद्यार्थ्याचा मार्गदर्शक होण्यासाठी कायम अध्यापक असावे लागते. म्हणजे ज्याला आपला प्रश्न निवडण्याइतका परिपक्व मानले, त्याला विद्यार्थी घडवण्याचा अधिकार नाही. पाच वर्षांच्या इन्स्पायर अध्यापक किंवा रामानुजन शिष्यवृत्तीत मोकळीक अधिक असते. पण त्या निवडकांच्या वाट्याला येतात आणि त्यानंतरही नेमणुकीची खात्री नसते. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी १९५८ मध्ये ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू झाला, तेव्हाही तात्पुरत्या जागेनंतर पुढे काय, हाच प्रश्न होता.

दुसरी वाट वर्गाची. मध्य प्रदेशच्या शासकीय महाविद्यालयांत ‘अतिथी विद्वान’ वर्षानुवर्षे कामाच्या दिवसांवर मोबदला घेऊन शिकवत आले. सप्टेंबर २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्यांना महिन्याला ५० हजार रुपयांपर्यंत मानधनाची घोषणा केली. तात्पुरत्या अध्यापकांचे राजकीय वजन राज्याने त्याआधीही पाहिले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये शाळांतील अतिथी शिक्षकांच्या मागण्यांसाठी रस्त्यावर उतरण्याची भाषा ज्योतिरादित्य शिंदे यांनी केली आणि मार्चमध्ये कमलनाथ सरकार गेले. कारणे अर्थातच अनेक होती. पण पक्षांतर्गत संघर्षाला जाहीर तोंड फुटले ते याच प्रश्नावर. संशोधन शिष्यवृत्तीधारकांपाशी असे वजन नाही. ते संख्येने थोडे, संस्थांत विखुरलेले आणि शिफारसपत्रासाठी मार्गदर्शकावर अवलंबून. त्यामुळे त्यांचा प्रश्न निवडणुकीच्या जाहीरनाम्यात येत नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत फार वेगळे केले आहे, असे नाही. तेथे तासिका तत्त्वावरील प्राध्यापक आहेत. दिल्ली विद्यापीठात अनेक वर्षे ‘तदर्थ’ प्राध्यापक होते. नावे निराळी, व्यवहार एकच. या वाटेवर विद्यार्थी मिळतात, पण संशोधनासाठी वेळ आणि अनुदान मिळत नाही.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकपदाच्या प्राथमिक यादीसाठी अध्यापन किंवा पीएच.डी.नंतरचे संशोधन यांना वर्षाला दोन, कमाल दहा गुण ठेवले आहेत. कागदावर दोन्ही अनुभव समान आहेत. मात्र हे गुण उमेदवाराला मुलाखतीच्या दारापर्यंतच नेतात. अंतिम निवड मुलाखतीवर ठरते. याच विनियमांत कंत्राटी अध्यापकांवर एकूण जागांच्या दहा टक्क्यांची मर्यादा होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात ती वगळण्यात आली. त्या मसुद्यावरून केंद्र आणि विरोधी पक्षांची राज्ये यांच्यात वाद पेटला तो प्रामुख्याने कुलगुरूंच्या निवडीवरून. अध्यापकांच्या भवितव्याशी थेट निगडित असलेली तरतूद त्या धुरळ्यात मागे पडली.

उपाय अवघड नाही, पण त्यात धोका आहे. शिष्यवृत्तीधारकाला अध्यापनाची संधी द्या म्हटले की रिक्त जागांनी गांजलेली महाविद्यालये त्याच्यावर पूर्ण कार्यभार टाकतील आणि भरती आणखी लांबेल. म्हणून मर्यादा लेखी हवी : एका सत्रात एकच विषय, तोही संशोधकाच्या संमतीने, स्वतंत्र मानधनासह आणि अनुभवाच्या प्रमाणपत्रासह. जोडीला सहमार्गदर्शक म्हणून मान्यता आणि मार्गदर्शक बदलला तरी अनुदान सोबत नेण्याची मुभा मिळाली, तर स्वातंत्र्य या शब्दाला अर्थ येईल.

संशोधनात मागे राहिलेल्या विद्यापीठांना प्रगत संस्थांशी जोडण्याचा कार्यक्रम प्रतिष्ठानाने हाती घेतला आहे. संस्था जोडताना माणसेही जोडायची असतील, तर जबलपूरमध्ये प्रयोग करणे सर्वांत सोपे. संस्था आहेत, विद्यार्थी आहेत, अंतर काही किलोमीटरचे आहे. हवा आहे तो चार मंत्रालये आणि एका राज्य सरकारने मिळून काढलेला एक आदेश. आणि असा आदेश काढणे हेच राजधानीत सर्वांत कठीण काम असते, हे येथील अधिकाऱ्यांना वेगळे सांगायला नको.