झळ लागू द्या

उरलंसुरलं द्यायला कुणाचं काय जातं? ख्रिस्ती प्रीती त्यापुढे सुरू होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि जातीतलं मानाचं पान कायमचं गेलं. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं, तेही मुख्यत्वे मांग समाजातल्या माणसांना सोबत घेऊन. पैसा पुन्हा मिळवता येतो, जातीच्या पंगतीतली गेलेली जागा मिळत नाही. आज एवढं कुणी मागत नाही. पण घाटी रुग्णालयात एखाद्या एकट्या रुग्णाच्या उशाशी रात्र जागावी, सकाळी त्याचा केसपेपर घेऊन औषधांच्या रांगेत उभं राहावं, कामावरचा खाडा मुकाट्यानं सोसावा. खिशाला आणि झोपेला झळ लागली नाही, तर आपली प्रीती अजून प्रवचनातच अडकली आहे.