चार खिळे आणि एक ठोकळा

मंडळी, चकलीचे डबे रिकामे होतात न होतात तोच इथल्या बऱ्याच घरांत आणखी एक छोटा डबा येऊन पडतो. आत पाइनच्या मऊ लाकडाचा एक ठोकळा, ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच उंच. शिवाय प्लास्टिकची चार चाकं आणि चार खिळे. ज्यांची मुलं कब स्काउट्समध्ये मुरली आहेत त्यांना या डब्याबद्दल काही सांगायला नको. पण ज्यांची यंदाच जायला लागली आहेत, आणि तिकडे पुण्या-साताऱ्याला बसलेल्या ज्या आजी-आजोबांना नातू व्हिडिओ कॉलवर एक लाकडी गाडी नाचवून दाखवतो पण नेमकं चाललंय काय ते कळत नाही, त्यांच्यासाठी यंदाचं हे सदर.

या शर्यतीला पाइनवूड डर्बी म्हणतात. गाडीला मोटर नाही, स्प्रिंग नाही, हाताने ढकलणंही नाही. सुमारे चार फूट उंचीच्या उतारावरून गाड्या एकदम सुटतात, खाली सपाटीला लागतात आणि साधारण ४२ फुटांवर शर्यत संपते. सगळा खेळ तीन सेकंदांच्या आसपास. तेवढ्यासाठी घराघरांत दोन-दोन महिने लाकडाचा भुसा उडतो.

याची सुरुवात १९५३ सालची. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाचे एक कबमास्टर होते. तेव्हा मोठ्या मुलांसाठी सोपबॉक्स डर्बी असायची, म्हणजे मुलाने स्वतः आत बसून उतारावरून गाडा सोडायचा. मर्फींचा मुलगा दहा वर्षांचा, त्या शर्यतीसाठी लहान. मग बापाने विचार केला, बसता येत नाही तर न बसता शर्यत लावू. १५ मे १९५३ला पहिली शर्यत झाली. बाप आणि मुलाने एका टेबलाशी बसून हाताने काहीतरी करावं, एवढाच त्यांचा हेतू होता. २०१८पासून कब स्काउट्समध्ये मुलीही आहेत आणि टेबलाशी आयाही.

आता अडचण कुठे येते? आपल्याकडच्या दिवाळीच्या किल्ल्याचं काय होतं ते आठवा. मुलं दगड-विटा गोळा करतात, पोत्यावर चिखल थापतात, अळीव पेरतात. मग संध्याकाळी एखादे बाबा ऑफिसातून येतात, जरा वेळ बाजूला उभे राहतात, म्हणतात, "अरे, बुरूज असा नसतो." नऊ वाजेपर्यंत बाबा चिखलात आणि मुलं पायरीवर बसलेली. इथे तर आपल्यातले निम्मे बाबा इंजिनिअर. आमच्याही घरी एक आहे. पहिल्या वर्षी त्याने गाडीचा त्रिमितीय आराखडा काढला, हवेचा प्रवाह कसा जाईल ते स्क्रीनवर रंगवून दाखवलं. लेकाच्या वाट्याला काय आलं? स्टिकर.

त्या वर्षीच्या शर्यतीत, आमच्या नव्हे, दुसऱ्याच एका मुलाची गाडी पहिली आली. सुंदर होती, शोकेसमध्ये ठेवावी अशी. बक्षीस देणाऱ्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, "चाकांना काय केलंस रे?" मुलगा गोड हसला आणि मान वळवून बाबांकडे बघू लागला. कुणी काही वाईट म्हणालं नाही. पण मी आठ वर्षं शाळेत शिकवलं आहे. गृहपाठ दुसऱ्याने केलेला असला की मूल असंच मान वळवतं.

तेव्हापासून मी या गाड्यांच्या मागे लागले. मी एम.ए. मराठीची, भौतिकशास्त्राशी नातं दहावीच्या पुस्तकापुरतं. पण दोन-तीन हिवाळे बघून, विचारून, वाचून माझं एक ठाम मत झालं आहे: ज्या कामामुळे गाडी पळते, ते काम सात-आठ वर्षांच्या मुलाला जमण्यासारखं आहे. मोठ्यांचं लक्ष असतं ते बाहेरच्या आकारावर, आणि शर्यतीत आकाराचा वाटा सगळ्यात कमी.

कसं ते बघा. सगळ्या गाड्या एकाच उंचीवरून सुटतात. वजनाची मर्यादा सगळ्यांना एकच, ५ औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. तेव्हा मिळकत सगळ्यांची जवळपास सारखी, फरक पडतो तो उधळपट्टीत. आणि सगळ्यात मोठी उधळपट्टी होते खिळ्यावर, जिथे चाक घासत फिरतं तिथे.

डब्यातला खिळा हातात घेऊन नखाने चाचपून बघा. डोक्याच्या खाली एक बारीक कड लागते आणि दांड्यावर दोन उंचवटे. कारखान्यात खिळा जिथे पकडतात त्याच्या त्या खुणा. चाक दर फेऱ्याला तिथे अडतं. ज्यांनी लहानपणी भोवरा फिरवला आहे त्यांना हे चटकन कळेल. नवा भोवरा आणला की त्याची आर आपण दगडावर घासायचो, कारण टोचरी आर असलेला भोवरा उड्या मारतो, हातावर घेतला तर ओरखडतो, आणि घासलेला एका जागी झोपतो. हे तेच काम, फक्त चार वेळा.

खिळा ड्रिलमध्ये घट्ट बसवायचा. ड्रिल मोठ्या माणसाने धरायचं, हळू फिरवायचं. डोळ्यांना चष्मा दोघांनाही. आधी छोट्या कानशीने कड आणि उंचवटे काढायचे. मग पॉलिश पेपरची बारीक पट्टी ओली करून मुलाने खिळ्यावर धरायची. आधी ४०० नंबरची, मग ६००, मग १०००, धीर असेल तर २०००. नंबर चढेल तशी चमक चढते आणि मुलाला ते दिसतं. शेवटी पितळेच्या समईला लावतो तसलं मेटल पॉलिश कापडावर घेऊन एक हात. एका खिळ्याला वीस मिनिटं धरली तर दोन संध्याकाळी झाल्या. रोज दोनच करा; तिसऱ्या खिळ्याला मुलं कंटाळतात आणि बाबा पट्टी ओढून घेतात.

चाकांना साच्याचा राहिलेला बारीक पापुद्रा असतो, तो हलक्या हाताने घासून काढायचा. चाक कोरून हलकं करायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक पॅकच्या नियमात ते बसत नाही, आणि नियमांचा कागद पॅकागणिक वेगळा असतो, म्हणून आधी तो वाचा. वंगण कोरडं, म्हणजे ग्राफाइटची भुकटी. तेल नको, धूळ धरतं आणि बहुतेक ठिकाणी चालतही नाही. चाकाच्या भोकात भुकटी टाकायची, चाक फिरवायचं, पुन्हा टाकायची, पुन्हा फिरवायचं. हे काम मुलाचं, आणि कितीही वेळ करू दे. फक्त खाली जुना पेपर पसरा. भाड्याच्या घरातल्या फिक्या कार्पेटवर ग्राफाइट पडलं तर डिपॉझिट विसरा.

आता वजन. ५ औंसापेक्षा कमी भरली तर गाडी हातानेच मागे राहिली म्हणायची, कारण वजन पूर्ण असलं की हवेचा अडथळा आणि चाकं फिरवण्यात जाणारा जोर तुलनेने कमी पडतो. वजन वाढवायला लोक टंगस्टनचे तुकडे आणतात. टंगस्टन जवळजवळ सोन्याइतकं जड, त्यामुळे छोट्याशा तुकड्यात काम होतं, किंमत मात्र टोचते. गळाला लावायची शिशाची वजनं स्वस्त पडतात, पण शिसं विषारी आहे, मुलांच्या हातात देऊ नका. मला आवडलेला उपाय क्वार्टरचा. क्वार्टरचं नाणं ५.६७ ग्रॅमचं असतं, म्हणजे पाच नाणी मिळून बरोबर १ औंस. स्वयंपाकघरातल्या काट्यावर गाडी ठेवायची आणि मुलाला विचारायचं, अजून किती क्वार्टर? दशांश अपूर्णांक असे शिकवायला मिळाले असते तर माझी शाळेतली दोन वर्षं सुखात गेली असती.

वजन मागे ठेवायचं. गाडी उतारावर उभी असते तेव्हा तिचं मागचं टोक वर असतं, म्हणून मागचं वजन जास्त उंचीवरून खाली येतं. पण फार मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि उतार संपतो त्या वळणावर गाडी डगमगते. पट्टीच्या कडेवर गाडी तोलून बघा. मागच्या चाकांच्या पुढे साधारण इंचभर अंतरावर तोल आला की ठीक.

राहिली सरळ चाल. मार्गाच्या मधोमध एक उंच पट्टी असते, गाडी तिच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून धावते. गाडी तिरकी असली तर या पट्टीला ठोकर खात जाते आणि प्रत्येक ठोकरीला वेग सांडतो. जेवणाच्या टेबलावर किंवा गुळगुळीत जमिनीवर चार फुटांचा दोरा ताणा, त्यालगत गाडी सोडा आणि कुठे वळते ते बघा. खिळा किंचित फिरवून पुन्हा सोडा. यात मुलं मोठ्यांपेक्षा चिकट असतात, पन्नास वेळा सोडतील. चाक आणि लाकूड यांच्यात क्रेडिट कार्ड जाईल एवढी फट ठेवा. सगळं जमलं की मगच खिळ्याला डिंकाचा एक थेंब, तोही खालून, चाकापर्यंत न पोचेल असा.

यापुढचेही डाव आहेत. एक पुढचं चाक केसभर उचलून गाडी तीन चाकांवर पळवतात, म्हणजे फिरवायला एक चाक कमी. काही जण पुढचं एक चाक मुद्दाम जरासं तिरकं करतात, म्हणजे गाडी मधल्या पट्टीला धरूनच जाते, इकडून तिकडे आपटत नाही. दोन्ही खरोखर उपयोगी आहेत. पण तिसरीतल्या मुलाला 'का' ते समजावता आलं तरच करा. नाहीतर पुन्हा तोच मान वळवण्याचा प्रकार.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक आई आहे. नवरा प्रोजेक्टसाठी दुसऱ्या राज्यात, घरात हत्यार म्हणाल तर नारळ फोडायचा बत्ता. लेक दुसरीत. ठोकळा घेऊन माझ्याकडे आली तेव्हा जवळजवळ परत करायच्या बेतात होती. "आमच्याकडे कोण करणार, ताई?" पॅकचा एक कार्यशाळेचा दिवस असतो, तिथे एका स्वयंसेवकाने करवतीने एकच तिरका छेद दिला. दाराखाली अडकवायच्या पाचरीसारखी गाडी. बाकी सगळं मुलीने आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलं. चार खिळे, प्रत्येकाला तिने नाव ठेवलं होतं. एक खिळा फिरवूनही गाडी डावीकडेच जात होती, त्यावर दीड तास गेला, मी मध्ये भाकऱ्या केल्या. रंग मार्करने, कारण स्प्रे वाळायला वेळ नव्हता.

शर्यतीत प्रत्येक गाडी प्रत्येक लेनमधून पळवतात, म्हणजे लेनचा दोष कुणा एकाच्या माथी येत नाही. ही पाचर भल्याभल्या घोटीव गाड्यांच्या पुढे गेली. शेवटच्या फेरीत हरली, ०.००४ सेकंदांनी. गाडी सपाटीवर सेकंदाला १५ फुटांच्या आसपास धावते असं धरा, म्हणजे हे अंतर पाऊण इंचाहून कमी. मुलगी रडली, थोडा वेळ नाही, चांगली रडली. मग पार्किंगमध्ये कुणीतरी दुसऱ्या मुलाचे बाबा तिच्या गाडीची चाकं फिरवून बघत म्हणाले, "हे कशाने एवढं फिरतंय?" तर डोळे पुसत त्यांना ६०० आणि १००० नंबरमधला फरक सांगायला लागली. गाडी हातात घट्ट धरून, त्यांना फार वेळ हात लावू न देता.

आता बाबांचं काय करायचं? त्यांचा उत्साहही खरा असतो हो, लहानपणी बेअरिंगचे गाडे पळवलेली माणसं ती. पुष्कळ पॅकमध्ये मोठ्यांसाठी वेगळी शर्यत ठेवतात, नसेल तर ठेवायला लावा. बाबांना दुसरा ठोकळा आणून द्या. आमच्याकडे गेली दोन वर्षं दोन ठोकळे येतात. त्यातला एक अत्यंत वायुगतिशास्त्रीय आहे आणि मागच्या वर्षी लेकाच्या गाडीच्या मागे राहिला. त्याची कारणमीमांसा आमच्या घरी अजून चालू आहे.

शर्यती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये असतात, म्हणजे आत्ताच डबा उघडायला हवा. ज्यांच्याकडे हत्यारं नाहीत त्यांनी डिसेंबरात शनिवारी दुपारी आमच्या गॅरेजमध्ये यावं. ड्रिल आहे, कानस आहे, सगळ्या नंबरचे पेपर आहेत, चहा मी करीन. मुलांना बरोबर आणा. नुसता ठोकळा घेऊन आलेल्या बाबांना चहा मिळेल, ड्रिल मिळणार नाही.