नर कोणता, मादी कोणती?

शोभेच्या माशांच्या दुकानात रुपयाच्या नाण्याएवढी दोन एंजल पिल्ले पिशवीत घालून दुकानदार सांगतो, "ही घ्या जोडी. हा नर, ही मादी." त्याला एवढेच विचारा : कशावरून? मोठा तो नर किंवा लांब परांचा तो नर, असे उत्तर बहुधा येईल. माझ्या मते त्याला काडीचाही आधार नाही.

एंजल हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला मासा. (आपल्या खाड्यांतले काळुंदर याच कुळातले.) यांचे पूर्ण वाढलेले नर-मादीसुद्धा दिसायला जवळजवळ सारखेच. खात्रीची खूण अंडी घालण्याच्या सुमारास दिसते. तेव्हा पोटाखाली एक लहानशी नळी बाहेर येते. नराची बारीक व टोकदार, मादीची जाड व बोथट. त्याला आठ-दहा महिने तरी लागतात. तोवर पिल्लाच्या आकारावरून काय कळते? त्याने किती खाल्ले आणि भावंडांना किती ढकलले, एवढेच! गंमत अशी, की नर नसेल तर दोन माद्याही जोडी जमवतात, पान साफ करून त्यावर अंडी घालतात. दोन-तीन दिवसांत सगळी अंडी पांढरी पडतात, तेव्हा मालक विचारात पडतो.

'भडक रंगाचा तो नर' हा नियमही सगळीकडे चालत नाही. मध्य अमेरिकेतल्या कॉन्व्हिक्ट सिक्लिडमध्ये पोटावर नारिंगी झाक असते ती मादीच्या. मलावी सरोवरातल्या ऑराटसची सगळीच पिल्ले पिवळी असतात. पुढे नर काळपट होतो खरा, पण दांडग्या नराच्या धाकात वाढलेला दुसरा नर पिवळाच राहू शकतो.

याहून मोठी अडचण पुढेच आहे. ॲपिस्टोग्रामा या लहान सिक्लिडवरील प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी उबदार ठेवले, तर पिल्लांत नरांचे प्रमाण वाढते असे त्यांत आढळले. म्हणजे अगदी कोवळ्या पिल्लाचे लिंग विचारणे हे नाणे हवेत असतानाच छापा की काटा असे विचारण्यासारखे आहे. म्हणून शिक्षकांना माझी सूचना, की निरीक्षणाच्या वहीत 'नर' आणि 'मादी' यांच्या शेजारी 'अजून सांगता येत नाही' असा तिसरा रकाना आखू द्यावा, आणि तो भरणाऱ्याचे गुण कापू नयेत.

पण जोडी तर हवी आहे! मग दोन नव्हे, सहा पिल्ले घ्या. नर-मादी निम्मे-निम्मे धरले, तर दोन पिल्लांत जोडी असण्याची शक्यता निम्मीच. सहाही नर असण्याची शक्यता १/६४, सहाही माद्या असण्याची तेवढीच. दोन्ही मिळून १/३२. म्हणजे ३२ पैकी ३१ वेळा तुमच्याकडे दोन्ही असतील. मात्र पेटी मोठी घ्या. जोडी जमली की ती उरलेल्या चौघांना कोपऱ्यात पिटाळते. त्यांची सोय आधीच करून ठेवा.