बूट घ्यावा तो टाच बघून

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या वस्त्यांतली पहाट बदलते. पाच वाजता मुले-मुली धावू लागतात. मैदान असेल तर मैदानावर, नाहीतर डांबरी रस्त्यावर. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेचे. काही सेकंद इकडेतिकडे झाले की गुण जातात आणि गुणांबरोबर घराची आशाही जाते. म्हणून या मुलांच्या पायांकडे घराने आणि वस्तीने लक्ष द्यायला हवे, असे आम्हाला वाटते.

बहुतेकांची तक्रार सारखीच असते. टाचेच्या मागे, थोडे वर दुखते. सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना तिथली शीर आखडलेली असते. थोडे चालले की मोकळी होते, म्हणून मूल पुन्हा धावते. अशा वेळी घरात दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, दुखणे सोसल्याशिवाय अंग तयार होत नाही. दुसरा म्हणतो, भारी कंपनीचे बूट घे. आमच्या मते पहिला सल्ला घातक आहे आणि दुसरा अर्धवट.

जिला आपण शीर म्हणतो ती खरे तर कंडरा. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ही जाड दोरी. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात. शरीरातली ही सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. एवढा ताण ती सहन करते, पण तो हळूहळू वाढवला तरच. महिनोन्महिने न धावलेला मुलगा जाहिरात आली म्हणून एकदम रोज पाच किलोमीटर धावू लागला, तर ती कुरकुरणारच.

बुटाचे काम एवढेच की या दोरीवरचा ताण थोडा कमी करायचा. म्हणून दुकानात कंपनीचे चिन्ह नंतर पाहा, आधी टाच पाहा. बूट बाजूने धरा. टाचेखालचा तळ चवड्याखालच्या तळापेक्षा जाड हवा. या फरकाला दुकानदार ‘ड्रॉप’ म्हणतात. टाचेमागे दुखत असेल तर तो १० मिलिमीटरच्या आसपास असलेला बरा. टाच उचललेली राहिली की कंडरा कमी ताणली जाते. शाळेचे सपाट कॅनव्हासचे बूट, खिळ्यांचे स्पाइक किंवा अनवाणी धावणे यात ती जास्त ताणली जाते. टाचेखालचा फोम अंगठ्याने दाबून बघा. तो अगदीच लिबलिबीत असेल तर पाय पडल्यावर दबतो आणि जाड दिसणारी टाच सपाटच होते.

मग मागची बाजू पाहा. टाच धरून ठेवणारी वाटी घट्ट हवी, पण वरची कड मऊ. ती कड आत वळून कंडरेवर रुतत असेल तर तो बूट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बूट वाकवून पाहा. तो बोटांच्या सांध्यापाशी सहज वाकावा. मधोमध दुमडत असेल किंवा ओल्या फडक्यासारखा पिळला जात असेल तर परत ठेवा. खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मोजे घालून, उभे राहून, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून एक नंबर मोठा बूट घेऊ नका. त्यात टाच वरखाली घासते. थोरल्या भावाचा एका बाजूने झिजलेला बूटही नको. फर्स्ट कॉपीवर चिन्ह हुबेहूब असते, आतला फोम मात्र तसा असेलच असे नाही. त्यापेक्षा साधा पण खरा धावण्याचा बूट बरा.

नवा बूट घेणे जमतच नसेल तर मेडिकलमध्ये टाचेखाली ठेवायची सिलिकॉनची गादी मिळते. ती दोन्ही बुटांत घाला, एकाच नको. आणि नवा बूट चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. दोन-तीन आठवडे आधी थोडा थोडा वापरून पाय सवयीचा करा.

पण बूट हा अर्धाच उपाय. उरलेला अर्धा पोटरीच्या व्यायामात आहे. स्वीडनचे डॉक्टर हॉकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही सांगितला जातो. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दोन्ही पायांनी टाचा उचला आणि दुखऱ्या पायावर भार देऊन ती टाच हळूहळू पायरीच्या खाली न्या. १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणे अगदी हाडाला लागून असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. १२ आठवडे म्हणजे तीन महिने. म्हणून तयारी जाहिरातीच्या आधी सुरू व्हायला हवी. या काळात चढ आणि वेगाच्या फेऱ्या कमी ठेवा. सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असेल तर एकदा दाखवून या.

दोन धोके घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावेत. कंडरेत स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास ती तुटण्याचा धोका असतो. तसेच जुलाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळ्यांनीही कंडरा दुखावू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांवर ठळक इशारा छापायला लावला. गोळी लिहून देताना, मूल धावते आणि त्याची टाच दुखते, हे डॉक्टरांना सांगा. धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, ‘टक्’ असा आवाज आला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दुखणे सोसण्याला तप समजणाऱ्यांना सोण कोळिविस यांची गोष्ट ठाऊक असावी. विनयपिटकाच्या महावग्गात ती आहे. श्रीमंत घरातले सोण भिक्खू झाले आणि चंक्रमण करता करता त्यांचे तळपाय फुटून वाट रक्ताने भरली. तथागतांनी त्यांची शाबासकी केली नाही. वीणेची तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि सैल सोडली तरी लागत नाही, हे त्यांना समजावले आणि पायांत वहाणा घालायची मुभा दिली. सोण यांनी ती एकट्यासाठी घेतली नाही. साऱ्या संघाला मुभा मिळणार असेल तरच घालीन, असे ते म्हणाले. आणि ती साऱ्या संघाला मिळाली.

आमचे मागणे याच धाग्याचे आहे. दरवर्षी जयंतीला वस्तीत वर्गणी जमते. त्यातला डीजेचा एक हिस्सा विहार समितीने बाजूला काढावा आणि भरतीला उतरणाऱ्या मुलामुलींना प्रत्येकी एक जोड चांगला बूट द्यावा. यादीत मुलींची नावे आधी घ्यावीत, कारण घरात एकच जोड घ्यायचा असतो तेव्हा तो बहुधा मुलाच्या पायात जातो. बाबासाहेबांचे नाव घेऊन धावणाऱ्या लेकरांच्या टाचा शाबूत राहिल्या, तर जयंतीच्या खर्चाला यापेक्षा मोठे सार्थक कोणते?

जय भीम.