किंमत आणि मोल : अमेरिकी व युरोपीय वेगवान मोटारींविषयी

मराठीत ‘किंमत’ आणि ‘मोल’ हे दोन शब्द वेगळे आहेत, ही आपल्या भाषेने करून ठेवलेली मोठी सोय आहे. किंमत विकणारा सांगतो. मोल वापरणाऱ्याला ठरवावे लागते. इंग्रजीतील ‘व्हॅल्यू’ या एकाच शब्दात या दोन अर्थांची सरमिसळ होते आणि वाद सुरू झाला की कोण कशाविषयी बोलत आहे, हेच कळेनासे होते. अमेरिकी आणि युरोपीय वेगवान मोटारींच्या तुलनेत गेली कित्येक दशके हेच होत आले आहे. एक पक्ष म्हणतो, कमी पैशांत तेवढाच वेग मिळत असताना जास्त पैसे का मोजावेत? दुसरा पक्ष म्हणतो, नुसता वेग कोणीही देईल, दर्जाचे काय? दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि वाद जागचा हलत नाही.

मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा वाद मुळात निकषांचा आहे, आणि निकष हा आमच्या व्यवसायातला रोजचा प्रश्न आहे. पोवाड्याला सुनीताचे माप लावून तो ओबडधोबड ठरवणारी समीक्षा आपण पाहिलेली आहे. मोटारींच्या बाबतीत अशीच चूक दोन्ही बाजूंनी होत असते, असे आमचे मत आहे.

प्रथम आकड्यांकडे वळू, कारण आकड्यांपुरता निकाल स्पष्ट आहे. २०२० सालची नवी शेव्हरोले कॉर्व्हेट अमेरिकेत ५९,९९५ डॉलरपासून उपलब्ध झाली. इंजिन ६.२ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, ४९० अश्वशक्तीचे. त्याच वर्षीच्या पोर्शे ९११ कॅरेराची मूळ किंमत ९७,४०० डॉलर होती आणि शक्ती ३७९ अश्वशक्ती. भागाकार केला तर कॉर्व्हेटमध्ये एका अश्वशक्तीला सुमारे १२२ डॉलर पडतात, पोर्शेमध्ये सुमारे २५७. हा अपवाद नव्हे. १९६४ च्या एप्रिलमध्ये फोर्डने मस्टँग बाजारात आणली तेव्हा तिची किंमत २,३६८ डॉलर होती. फाल्कन या साध्यासुध्या कौटुंबिक गाडीचे बरेचसे भाग वापरून ती उभी केलेली होती, आणि पहिल्या वर्षभरात ती चार लाखांहून अधिक खपली. २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटने ७०७ अश्वशक्ती सुमारे साठ हजार डॉलरमध्ये देऊ केली. एवढी शक्ती तोपर्यंत अतिश्रीमंतांच्या गाड्यांमध्येच पाहावी लागत असे. पगारदार माणसाच्या आवाक्यातला वेग ही अमेरिकी परंपरेची खरी देणगी आहे. तिला ‘स्वस्त माल’ म्हणून हिणवणाऱ्यांच्या बोलण्यात दर्जाच्या चिंतेपेक्षा वर्गाचा अहंकार अधिक असतो, असा आमचा संशय आहे.

परंतु हा फरक आला कोठून? त्याचे मूळ रस्ते आणि करपद्धती यांच्यात आहे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत मोटारीवरचा कर सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास यांच्या हिशेबाने आकारला जाई. साहजिकच तेथील अभियंते अरुंद सिलिंडरांची लहान इंजिने घडवू लागले. इटलीत दोन लिटरांहून मोठ्या इंजिनाच्या गाडीवर इतका जबर कर होता की, खुद्द फेरारीला १९७५ साली ‘२०८’ नावाची दोन लिटरांच्या आतली गाडी काढावी लागली. इंजिन लहानच ठेवायचे आणि शक्ती तर अधिक हवी, तर ते अधिक वेगाने फिरवणे भाग पडते. त्यासाठी कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या डोक्यावर बसवायचे, झडपा वाढवायच्या, जुळणी काटेकोर करायची, आणि या सगळ्याला पैसा लागतो. शिवाय जर्मनीत ऑटोबानच्या अनेक पट्ट्यांवर वेगाला सक्तीची मर्यादा नाही. १९७८ पासून ताशी १३० किलोमीटरची केवळ शिफारस आहे. तेथे गाडी दोनशेच्या वेगाने तासभर स्थिर धावेल का, ब्रेक तापून दगा देणार नाहीत ना, हे प्रश्न ग्राहकाच्या रोजच्या व्यवहारातले असतात.

अमेरिकेत इंधन स्वस्त, रस्ते रुंद आणि सरळ, आणि इंजिनाच्या आकारावर तसा कर नाही. शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करा, हा तेथील सरळ मार्ग होता. शेव्हरोलेने १९५५ साली आणलेले ४.३ लिटरचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन हे त्या विचाराचे उत्तम उदाहरण. त्यात कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या पोटात असतो आणि लांब दांड्यांनी, म्हणजे पुशरॉडनी, झडपा उघडतो. युरोपीय जाणकार या रचनेला जुनाट म्हणत आले. पण डोक्यावर चार कॅमशाफ्टचा पसारा नसल्यामुळे हे इंजिन लिटरांच्या मानाने आटोपशीर असते, वजनाला बेताचे असते, त्याचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि सुटे भाग कमी असल्याने ते दुरुस्तीलाही सोपे जाते. ‘एका लिटरमागे किती अश्वशक्ती’ हे माप कराच्या दडपणाखाली वाढलेल्या खंडाचे आहे. ज्याला तो कर भरावा लागला नाही, त्याच्या इंजिनाला ते लावणे अप्रस्तुत होय. उलट, १९७४ पासून १९९५ पर्यंत ज्या देशात ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा होती (१९८७ नंतर काही ग्रामीण महामार्गांवर ६५), तेथे सरळ रस्त्यावरच्या झेपेला महत्त्व आले आणि वळणावरच्या स्थैर्याकडे दुर्लक्ष झाले, ही टीका आम्हांला रास्त वाटते.

आता दर्जाविषयी. हा शब्द एकसंध समजून वापरला जातो, पण त्यात निदान तीन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, हाताला आणि डोळ्यांना जाणवणारी कारागिरी : दार बंद होतानाचा आवाज, बटणांचा स्पर्श, डॅशबोर्डची सांधेजोड, आसनांचे चामडे. येथे युरोपीय गाड्या, विशेषतः जर्मन गाड्या, दीर्घकाळ निर्विवादपणे पुढे होत्या. अमेरिकी कंपन्यांनी वाचवलेला पैसा येथेच वाचवला होता. १९९२ सालच्या डॉज व्हायपरला चारशे अश्वशक्तीचे, आठ लिटरचे, दहा सिलिंडरांचे इंजिन होते, पण दाराला बाहेरून मूठही नव्हती. हा उणेपणा झाकण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट यंत्राची टिकाऊ निकोपता. येथे रूढ समजूत डळमळू लागते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पहिल्या पिढीतील ९११ गाड्यांमध्ये मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचा प्रश्न गाजला आणि अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. कॉर्व्हेटच्या सात लिटरच्या इंजिनातील झडपांच्या गाइडविषयी तक्रारी झाल्या, त्याही तितक्याच प्रसिद्ध आहेत. दुसरीकडे, २०१९ साली जे. डी. पॉवर या संस्थेच्या अमेरिकेतील टिकाऊपणाच्या पाहणीत सर्व गाड्यांमध्ये पोर्शे ९११ पहिली आली. म्हणजे खंडाच्या नावावरून निकोपता ठरवता येत नाही. ती इंजिनागणिक आणि पिढीगणिक पाहावी लागते. फरक पडतो तो बिघाड झाल्यानंतर. अमेरिकेतील लहान गावातल्या गॅरेजमध्येही स्मॉल ब्लॉक उघडणारा हात सापडतो आणि सुटे भाग मुबलक मिळतात. पोर्शेच्या मालकाला तज्ज्ञ शोधावा लागतो आणि बिलही तसेच येते.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते : रचनेची एकात्मता. ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘९०१’ या नावाने मांडली गेली; मधल्या शून्यावर प्यूजोने हक्क सांगितल्यामुळे नाव बदलावे लागले. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे ठेवणे ही वस्तुतः गैरसोयीची रचना. वळणावर शेपूट बाहेर जाण्याची खोड तिला जन्मजात होती. पण साठांहून अधिक वर्षे त्याच एका कल्पनेवर काम करून त्या अभियंत्यांनी दोषाचा स्वभाव बनवला आणि स्वभावाचा गुण. ब्रेक, सुकाणू, गिअर, आसन यांचा एकमेकांशी असा मेळ बसतो की, ३७९ अश्वशक्ती अपुरी वाटत नाही. पोर्शेचा ग्राहक जे जास्तीचे पैसे देतो त्यांतील काही भाग नावाचा असतो, यात शंका नाही. पण बराच भाग या साठ वर्षांच्या सलग विचाराचा असतो.

मात्र या दोन परंपरा वादात दिसतात तितक्या परस्परांपासून तुटलेल्या कधीच नव्हत्या. कॉर्व्हेटला खरी स्पोर्ट्स कार बनवणारा झोरा अर्कस-डंटोव्ह ब्रुसेल्समध्ये जन्मला आणि बर्लिनमध्ये शिकला. १९६२ ची कोब्रा म्हणजे ब्रिटिश एसी कंपनीची गाडी आणि तिच्यात फोर्डचे व्ही-८. १९६६ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक पटकावून फेरारीला नमवणाऱ्या फोर्ड जीटी-४० ची सुरुवात इंग्लंडमध्ये, स्लाव येथे झाली होती. ब्युइकने १९६० च्या दशकारंभी काढलेले आणि लवकरच टाकून दिलेले ॲल्युमिनियमचे व्ही-८ ब्रिटनच्या रोव्हरने घेतले, आणि रेंज रोव्हरपासून मॉर्गनपर्यंतच्या गाड्यांत ते पुढे कित्येक दशके ‘ब्रिटिश’ म्हणून नांदले. व्हायपरच्या इंजिनाच्या ओतकामात लॅम्बोर्गिनीचा हात होता, कारण तेव्हा ती कंपनी क्रायस्लरच्या मालकीची होती. याउलट, चुंबकीय द्रवावर चालणारे शॉक ॲब्सॉर्बर प्रथम २००२ च्या सुमारास कॅडिलॅक आणि कॉर्व्हेटमध्ये आले आणि नंतर फेरारीने ते स्वीकारले. ज्या कॉर्व्हेटच्या खाली आपल्या ट्रकसारखे पाटे आहेत म्हणून टवाळी होत असे, तिच्याकडूनच हे उसने घेतले गेले. ते पाटेही लोखंडाचे नव्हते. काचतंतू आणि राळ यांच्या हलक्या मिश्रणाचे होते.

मोल सीमा ओलांडल्यावर कसे पालटते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. २०१६ साली फोर्डने मस्टँग जीटी भारतात आणली ती ६५ लाख रुपयांना. अमेरिकेत तीच गाडी तेव्हाच्या दराने साधारण २२ ते २५ लाखांत मिळत होती. आयात शुल्क आणि इतर कर भरून ती येथे उतरली तेव्हा तिचा मुख्य गुणच, म्हणजे परवडणे, बंदरावर राहून गेला. उरली ती श्रीमंतांची हौस, आणि त्या रांगेत तिला जर्मन गाड्यांच्या शेजारी उभे राहावे लागले. शेव्हरोलेने तर २०१७ च्या अखेरीस येथील विक्रीच थांबवली. त्यामुळे ‘अमेरिकी गाड्यांत दम नाही’ हे आपल्याकडे सहज उच्चारले जाणारे वाक्य त्या गाड्यांपेक्षा आपल्या शुल्करचनेविषयी अधिक सांगते.

अलीकडे अमेरिकी कंपन्यांनी युरोपचे माप आपणहून स्वीकारले आहे. जर्मनीतील न्यूरबर्गरिंगच्या वीस-एकवीस किलोमीटरांच्या वळणावळणाच्या मार्गावर किती मिनिटे लागतात, हे ते माप. २०२४ साली फोर्डच्या मस्टँग जीटीडीने तेथे सात मिनिटांच्या आत फेरी पूर्ण केली आणि २०२५ साली कॉर्व्हेट झेडआर-१ ने ६ मिनिटे ५०.७६३ सेकंदांची नोंद केली. पराक्रम खरा आहे. पण त्या कॉर्व्हेटची किंमत तेव्हा पावणेदोन लाख डॉलरच्या घरात होती आणि त्या मस्टँगची तीन लाखांच्या वर. युरोपची परीक्षा उत्तीर्ण व्हायची तर खर्चही युरोपसारखाच करावा लागतो, हे यावरून सिद्ध झाले. आणि याच काळात, २०२३ च्या डिसेंबरमध्ये, शेव्हरोले कमारो आणि व्ही-८ इंजिनाची डॉज चॅलेंजर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले. शिखर उंचावत असताना पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाची वाट अरुंद होत चालली आहे.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. आपल्या कमाईतून एकच वेगवान गाडी घेणाऱ्या अमेरिकी माणसाला साधी कॉर्व्हेट किंवा मस्टँग जे देते, त्याला युरोपकडे तोड नाही. ज्याला यंत्राच्या प्रत्येक अवयवातील मेळ अनुभवायचा आहे आणि त्यासाठी दीडपट-दुप्पट पैसे देण्याची ऐपत आहे, त्याने पोर्शे घ्यावी. तो फसवला जात नाही. परंतु या दोन मोलांपैकी अधिक जपण्याजोगे कोणते, असे विचारल्यास आम्ही पहिले सांगू. श्रीमंतांसाठी उत्तम वस्तू घडवणारे कारागीर प्रत्येक युगात सापडतात. कारखान्यातील कामगार किंवा शाळामास्तर यांना परवडेल अशी उत्तम वस्तू घडवणे हे कितीतरी अवघड काम आहे, आणि डेट्रॉइटने ते साठ वर्षे करून दाखवले. न्यूरबर्गरिंगवरचे दोन-चार सेकंद वाचवण्याच्या नादात ते काम त्याने सोडून देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.